दोन मीटर सत्तर

होडी फुगवली बैठकीच्या खोलीत,
फेब्रुवारीत, किल्मार्नॉकवर तिरकी गारठ पडत असताना.
सोफा भिंतीला लावला, टीपॉय जिन्याखाली ढकललं,
तरी नाक रेडिएटरला टेकलंच.
दोन मीटर सत्तर. करडी. वास रबराचा
आणि आधीच्या मालकाच्या कुत्र्याचा.
ओबनच्या रूअरीनं पैसे मोजता मोजता सांगितलं होतं,
एकच ठिगळ आहे,
आणि ते माझ्या लग्नापेक्षा घट्ट बसलंय.

मर्डो गुडघ्यांवर.
साबणाच्या पाण्यात रंगाचा ब्रश बुडवतो,
शिवणीवरून हळूहळू फिरवतो, कान देतो.
मी टेबलावर सागरी नकाशा पसरून
चार मगांनी चारी कोपरे दाबलेत.
या नकाशात उथळ पाणी निळं दाखवतात,
आणि खोल, तिथे नुसता कागद.
कोरा.

त्याला कॉनेलच्या पुलाखालून आत शिरायचंय.
तिथे ओहोटीला अख्खं लॉख एटिव
एका दाराशी धक्काबुक्की करत बाहेर पडतं,
पाण्याला पायऱ्या पडतात.
मी म्हणते, टेनल्टला उतरू. आतच. गाडीपासून वीस पावलं.
तो म्हणतो, मेचा तिसरा आठवडा, अर्धा चंद्र,
भांगाची भरती, पाणी गरीब असतं तेव्हा.
मी म्हणते, गरीब पाणी मी पाहिलंय, मर्डो,
माझा बाप मासेमार होता.
यावर तो ब्रश झटकतो.
टेनल्ट, म्हणतो. पण शिंपल्यांच्या शेतापर्यंत वल्ही मी मारणार.

डास जूनआधी येत नाहीत.
(येतात.)
तंबू कुठे ठोकायचा: बोनॉच्या खाणीपलीकडे,
ओढ्याच्या तोंडाशी, भरतीच्या शेवाळरेषेच्या वर हातभर.
पेट्रोल दहा लिटर. पाणी दहा.
औषधांचा डबा, झिपच्या पिशवीत, त्यावर आणखी एक पिशवी.

मग वजनं.
मागच्या फळीवर पत्र्याची पट्टी आहे:
तीनशे वीस किलो, याहून जास्त नको.
मर्डोला बेरजा आवडतात, चाळीस वर्षं गोदामात काढलीत.
इंजिन अठरा. नांगर आणि दोर सहा. तंबू चार.
मी बहात्तर, आणि यावर कोणी काही बोलायचं नाही.
स्वतःचं वजन माहीत असूनही
तो न्हाणीघरात जाऊन काट्यावर उभा राहिला.
परत आला, पेन्सिल ओली केली,
लिहिलं: अडुसष्ट.

गेल्या उन्हाळ्यात एक्याऐंशी होता.

'बघ,' म्हणाला, 'तेरा किलो मोकळे झाले की!
काय घ्यायचं त्यात?'

मी नकाशातल्या कोऱ्या जागेकडे बघत राहिले.
मग एकेक सांगत गेले, भाजीवाल्याशी बोलावं तसं:
बिडाचा तवा, तीन किलो.
पक्ष्यांचं ते जाडं पुस्तक, तू कधीच न उघडलेलं.
बटाटे.
घडीची खुर्ची, पाठ टेकायला.
माझ्या बापाची दुर्बीण, तिची पितळी पेटी धरून.
तो लिहीत होता, जोडत होता, मान हलवत होता.
तेरा भरले तेव्हा म्हणाला, 'बास. बुडवशील.'

होडी रात्रभर तशीच ठेवायची ठरली.
हवा टिकते का ते कळतं.

दोन वाजता पाणी प्यायला खाली आले
तर दिवा न लावताच हात तिच्याकडे गेला.
डावी बाजू दाबून पाहिली. मग उजवी.
वर त्याचा खोकला आला, थांबला.
पुन्हा डावी.

सकाळी त्यानंही दाबली.
'जरा मऊ झालीय,' मी म्हटलं.
'थंडीनं,' तो म्हणाला. 'गारठ्यात हवा आखडते.
गळत नाहीये काही.'
आणि जिन्याखालून पायपंप आणायला गेला,
टीपॉयवर आपटला, शिवी हासडली.